इंग्रजी वर्णनात वाक्यं जोडताना: आधी क्रियापदं मोजा, मग स्वल्पविराम द्या

'पाऊस थांबला होता, घाटाच्या पायऱ्या अजून ओल्या होत्या.' मराठीत हे वाक्य धडधाकट आहे. तेच शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं की असं होतं:

द रेन हॅड स्टॉप्ड, द स्टेप्स वेअर स्टिल वेट.

शब्द बरोबर, काळ बरोबर, स्पेलिंगही बरोबर असेल. तरी तपासणारा त्या स्वल्पविरामाला गोल करणारच. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने चिकटवली, ही चूक. इंग्रजीत तिला 'कॉमा स्प्लाइस' म्हणतात, आणि मराठीतून विचार करून लिहिलेल्या इंग्रजी वर्णनात ती हमखास सापडते.

ती का होते हे कळलं की निम्मं काम झालं. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. 'होत्या' कानावर पडलं की वाक्य संपलं हे वाचणाऱ्याला आपोआप कळतं. मग तिथे पूर्णविराम असो, स्वल्पविराम असो की काहीच नसो. मोडीतलं जुनं गद्य तर शब्दांत जागा न सोडता सलग लिहिलं जायचं आणि तरी वाचलं जायचं. आज आपण वापरतो ती बहुतेक विरामचिन्हं मराठीत १९व्या शतकात आली, त्यात मेजर थॉमस कँडी यांचा वाटा मोठा. म्हणजे चिन्हं आपण इंग्रजीकडून घेतली, पण वाक्याचा शेवट दाखवायचं काम आपल्याकडे क्रियापद आधीपासूनच करत होतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येऊन जातं आणि त्यानंतर कर्म, जागा, वेळ असं कितीही शेपूट लांबतं. वाक्य कुठे संपलं हे कानाला कळत नाही. ते चिन्हाने किंवा जोडशब्दाने सांगावंच लागतं.

खाली सगळी उदाहरणं एकाच जागेच्या वर्णनातली आहेत: वाईचा कृष्णेवरचा घाट. ती देवनागरीत दिली आहेत, म्हणजे मोठ्याने वाचता येतील. वाचून झाल्यावर वहीत रोमन लिपीत उतरवा, कारण पूर्णविरामानंतर मोठं अक्षर आणि अर्धविरामानंतर लहान, हे तिथेच दिसेल.

पहिली पायरी: जोड्या मोजा

वाक्य लिहून झालं की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक खऱ्या क्रियापदाखाली रेघ मारा. खरं क्रियापद म्हणजे ज्याला काळ आहे ते: इज, वॉज, फ्लोज, स्टँड्स, हॅज कम. नुसतं 'आयएनजी' लागलेलं रूप किंवा 'टू' लावलेलं रूप मोजायचं नाही. 'वॉशिंग' हे एकटं क्रियापद नाही, 'आर वॉशिंग' आहे. मग प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधा आणि त्याला गोल करा. कर्ता आणि क्रियापद यांची एक जोडी म्हणजे एक उपवाक्य.

आता हिशेब सोपा आहे. जितक्या जोड्या, त्यातून १ वजा करा. तितक्या जोडण्या हव्यात. दोन जोड्यांना एक जोडणी, तीन जोड्यांना दोन. कमी पडली तर वाक्यं नुसती चिकटलेली राहतात, जास्त झाली तरी वाक्य मोडतं. या लेखातला बराचसा भाग या एका वजाबाकीवर उभा आहे.

एक कर्ता आणि दोन क्रियापदं असतील, तर जोडी एकच धरायची:

द बस लीव्हज वाई अँड क्लाइंब्ज द पसरणी घाट.

'क्लाइंब्ज'ला स्वतःचा वेगळा कर्ता नाही, बसच चढते. म्हणून 'अँड'च्या आधी स्वल्पविराम नको. 'अँड' दिसला की स्वल्पविराम, असं पाठ केलेल्यांची इथे फसगत होते. 'अँड'नंतर नवा कर्ता आला आहे का, एवढंच बघा.

कधी कधी जोडशब्द गाळलेला असतो. 'पीपल से द रिव्हर वॉज वायडर वन्स' यात 'से'नंतर 'दॅट' लपलेला आहे. मोजताना तो धरायचा.

दुसरी पायरी: बरोबरीची दोन वाक्यं

आपल्या व्याकरणात ज्याला संयुक्त वाक्य म्हणतात, ते इथे अभिप्रेत आहे. दोन्ही वाक्यं स्वतःच्या पायावर उभी असतात. ती जोडायच्या चार रीती, सुरुवातीच्याच चुकलेल्या वाक्यावर:

द रेन हॅड स्टॉप्ड. द स्टेप्स वेअर स्टिल वेट.

द रेन हॅड स्टॉप्ड, बट द स्टेप्स वेअर स्टिल वेट.

द रेन हॅड स्टॉप्ड; द स्टेप्स वेअर स्टिल वेट.

द रेन हॅड स्टॉप्ड. हाउएव्हर, द स्टेप्स वेअर स्टिल वेट.

दुसऱ्या रीतीत चालणारे शब्द सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. त्यांची आद्याक्षरं जोडून 'फॅनबॉइज' असा शब्द करतात, तो लक्षात ठेवायला सोपा. यांतल्या 'फॉर'चा अर्थ इथे 'कारण' असा आहे आणि तो आता पुस्तकीच उरलाय. वर्णनात वापरला नाही तरी काही अडत नाही. स्वल्पविराम जोडशब्दाच्या आधी द्यायचा, नंतर नाही. 'बट,' असं लिहून श्वास घ्यायची सवय मराठीतल्या 'पण…' या थांब्यातून येते.

दोन्ही वाक्यं अगदी लहान असतील तर स्वल्पविराम गाळला तरी चालतो: द बेल रँग अँड द डोअर्स ओपन्ड. आणि तीन छोटी, एका घाटणीची वाक्यं नुसत्या स्वल्पविरामांवर तरून जातात. सीझरच्या नावावरचं 'आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड' त्यातलंच. नवशिक्यांनी मात्र सीझरच्या वाटेला जाऊ नये.

अर्धविरामाला लोक उगाच घाबरतात. १५व्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डुस मानुटिउसच्या छापखान्यात त्याला आजचं रूप मिळालं, तेव्हापासून त्याचं काम फारसं बदललेलं नाही: स्वल्पविरामापेक्षा जास्त थांबवणं, पूर्णविरामापेक्षा कमी. परीक्षा एकच. अर्धविरामाच्या जागी पूर्णविराम टाकून बघा. दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य उरलं तर अर्धविराम बरोबर. एका परिच्छेदात एखादा पुरे. तीन झाले की वर्णन सरकारी परिपत्रकासारखं वाचलं जातं.

खरी गोची चौथ्या रीतीत आहे. हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, मीनव्हाइल, ऑदरवाइज, देन हे शब्द अर्थाने जोडतात, पण व्याकरणाने जोडत नाहीत. ती क्रियाविशेषणं आहेत. वजाबाकीत त्यांना धरायचं नाही. म्हणून त्यांच्याआधी नुसता स्वल्पविराम दिला तर पुन्हा तीच जुनी चूक होते. कसं ओळखायचं? शब्द वाक्यात दुसरीकडे सरकवून बघा. 'द स्टेप्स, हाउएव्हर, वेअर स्टिल वेट' चालतं. 'द स्टेप्स, बट, वेअर स्टिल वेट' चालत नाही. सरकतो तो जोडशब्द नव्हे.

वर्णनात सगळ्यात जास्त घात 'देन' करतो, कारण आपण नजर फिरवत लिहितो: आधी हे दिसतं, मग ते दिसतं.

चूक: यू पास द मार्केट, देन द रिव्हर अपिअर्स.

बरोबर: यू पास द मार्केट, अँड देन द रिव्हर अपिअर्स.

तिसरी पायरी: जरी–तरीचं जोडकाम

मराठीत मिश्र वाक्याला दोन कड्या लागतात. जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसं–तसं, जो–तो. एक कडी गौण वाक्यात, दुसरी मुख्य वाक्यात. दोन्ही असल्या की वाक्य कसं चपखल बसतं. इंग्रजीत बहुतेक ठिकाणी एकच कडी लागते. दुसरी घातली की आपल्या हिशेबात दोन जोड्यांना दोन जोडण्या होतात, म्हणजे एक जास्त.

चूक: ऑल्दो द टेंपल इज ओल्ड, बट इट लुक्स न्यू.

बरोबर: ऑल्दो द टेंपल इज ओल्ड, इट लुक्स न्यू.

हेही बरोबर: द टेंपल इज ओल्ड, बट इट लुक्स न्यू.

'ऑल्दो' किंवा 'बट', दोघांतला एक निवडायचा. 'ॲज' किंवा 'सिन्स'ने सुरू केलं तर पुढे 'सो' किंवा 'देअरफोर' नको. 'व्हेन'नंतर 'देन' नको, 'व्हेअर'नंतर 'देअर' नको. 'इफ'नंतर 'देन' चालतो, पण वर्णनात तो जड वाटतो. 'अनलेस'च्या पोटातच 'नाही' आहे, त्यात पुन्हा 'नॉट' घातला की अर्थ उलटा होतो.

गोंधळ वाढतो तो इंग्रजीतही काही खऱ्या जोड्या असल्यामुळे: नॉट ओन्ली–बट ऑल्सो, नो सूनर–दॅन, आयदर–ऑर, बोथ–अँड. दहावी-बारावीच्या 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये याच घोटून घेतात, आणि मग सगळंच जोडीने येतं असा समज बसतो. या मोजक्याच आहेत. पाठ करा, बाकी सगळीकडे एकच कडी.

आता चिन्ह. गौण वाक्य आधी आलं तर ते संपल्यावर स्वल्पविराम. नंतर आलं तर सहसा नाही.

व्हेन द रिव्हर राइजेस, द लोअर स्टेप्स डिसअपिअर.

द लोअर स्टेप्स डिसअपिअर व्हेन द रिव्हर राइजेस.

पहिल्यात स्वल्पविराम नसता तर वाचणारा 'राइजेस द लोअर स्टेप्स' असं एका दमात वाचून अडखळला असता. वाचणाऱ्याला गौण वाक्य कुठे संपलं ते कळावं, यासाठी तो स्वल्पविराम. 'ऑल्दो' आणि विरोध दाखवणारे 'व्हाइल', 'व्हेअरॲज' मात्र मागे आले तरी त्यांच्याआधी स्वल्पविराम देतात: द मॉर्निंग्ज आर क्वाएट, व्हेअरॲज द इव्हनिंग्ज आर क्राउडेड.

'बिकॉज'वर जरा थांबूया. मराठीत आपण बिनदिक्कत लिहितो: 'आम्ही खाली उतरलो नाही. कारण पायऱ्या निसरड्या होत्या.' 'कारण'ने नवं वाक्य सुरू करणं आपल्याकडे चालतं. इंग्रजीत 'बिकॉज द स्टेप्स वेअर स्लिपरी' याच्यापुढे पूर्णविराम दिला, तर ते अर्धवट वाक्य होतं. 'पायऱ्या निसरड्या असल्यामुळे' एवढं म्हणून माणूस गप्प बसला, तर आपण 'मग पुढे काय?' विचारू ना, तसंच. 'बिकॉज'ने वाक्य सुरूच करू नये, ही शाळेतली दहशत मात्र खोटी आहे. पुढे मुख्य वाक्य असेल तर खुशाल करावं.

आणखी एक खोच. मुख्य वाक्य नकारार्थी असेल, तर 'बिकॉज' दोन अर्थ देतो.

दे डिड नॉट कम टू वाई बिकॉज इट वॉज फेमस.

ते आलेच नाहीत, कारण गाव प्रसिद्ध म्हणजे गर्दी? की ते आले, पण प्रसिद्धी हे कारण नव्हतं? 'बिकॉज'आधी स्वल्पविराम दिला तर पहिला अर्थ पक्का होतो. त्याहून बरं म्हणजे वाक्यच फिरवून लिहावं.

चौथी पायरी: 'व्हिच', 'हू' आणि 'दॅट'

वर्णन लिहिणाऱ्याचा सगळ्यात उपयोगी अवजार-डबा हाच, आणि त्यातलं एक अवजार उलटं धरलं की हात कापतो.

द कृष्णा, व्हिच राइजेस ॲट महाबळेश्वर, फ्लोज पास्ट वाई.

द स्टेप्स दॅट गो डाउन टू द वॉटर आर स्लिपरी.

पहिल्यात दोन स्वल्पविराम आहेत, दुसऱ्यात एकही नाही. कृष्णा एकच, महाबळेश्वरला उगम पावते हे सांगितलं नाही तरी कोणती नदी हे कळतंच. ती जादा माहिती आहे, म्हणून ती दोन स्वल्पविरामांच्या कंसात घालायची. दुसऱ्या वाक्यात पायऱ्या पुष्कळ आहेत. त्यांतल्या पाण्यापर्यंत जाणाऱ्याच निसरड्या. तो भाग काढला तर कोणत्या पायऱ्या ते कळणार नाही, म्हणून तो कंसात टाकता येत नाही.

परीक्षा करायची तर 'व्हिच'चा भाग अंगठ्याने झाका. उरलेलं वाक्य तेवढंच खरं आणि तेवढंच नेमकं राहिलं, तर दोन स्वल्पविराम. अर्थ सैल झाला, तर शून्य. एक स्वल्पविराम फक्त तेव्हाच, जेव्हा तो भाग वाक्याच्या शेवटी येतो आणि दुसऱ्याची जागा पूर्णविराम घेतो. विशेषनामानंतर जवळपास नेहमीच स्वल्पविराम येतात, कारण नावाने वस्तू आधीच ओळखलेली असते. स्वल्पविरामानंतर 'दॅट' घालायचा नाही, तिथे 'व्हिच' किंवा 'हू'.

हा फरक केवळ नियमापुरता नाही. 'द शॉप्स, व्हिच सेल टर्मरिक, ओपन अर्ली' म्हणजे सगळीच दुकानं हळद विकतात. 'द शॉप्स दॅट सेल टर्मरिक ओपन अर्ली' म्हणजे हळदीची तेवढी लवकर उघडतात, बाकीची उशिरा. दोन स्वल्पविरामांनी अख्खी बाजारपेठ बदलली.

इथे मराठीतून तीन चुका येतात.

जो–तो मधला 'तो' आत शिरतो: 'द टेंपल व्हिच इट इज नियर द रिव्हर'. 'व्हिच' हाच कर्ता आहे, 'इट' काढा.

लांबलचक कर्ता संपला की आपण थांबतो: 'ज्या पायऱ्या पाण्यात उतरतात, त्या…' मराठीत तो थांबा हक्काचा. इंग्रजीत 'द स्टेप्स दॅट गो डाउन टू द वॉटर, आर स्लिपरी' असं लिहिलं, तर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम आला. दोन असू शकतात, एक कधीच नाही.

'व्हिच' आपल्या नामापासून लांब पडतो. 'देअर इज ॲन आयडल इन द टेंपल व्हिच इज व्हेरी बिग' यात मोठं काय, मूर्ती की देऊळ? वाईच्या ढोल्या गणपतीच्या बाबतीत हा प्रश्न अगदीच गैरसोयीचा आहे, कारण देवाला ते नाव मूर्तीच्या आकारावरूनच पडलं. 'व्हिच' नामाला खेटून बसवा: द टेंपल हॅज ॲन आयडल व्हिच इज व्हेरी बिग. आणि एवढं करण्यापेक्षा 'द टेंपल हॅज अ ह्यूज आयडल' जास्त बरं.

ही शेवटची दुरुस्ती वर्णनात वारंवार करावी लागते. 'व्हिच इज', 'इट इज', 'देअर इज' यांनी ओळी भरतात आणि चित्र काही उभं राहत नाही. सगळ्यात चांगली जोडणी म्हणजे पुष्कळदा एक क्रियापद काढून टाकणं. 'वाई, व्हिच इज ॲन ओल्ड टाउन ऑन द कृष्णा, लाइज…' यातलं 'व्हिच इज' उडवा: 'वाई, ॲन ओल्ड टाउन ऑन द कृष्णा, लाइज बिलो द पसरणी घाट.' दोन स्वल्पविराम मात्र जागेवरच राहतात.

पाचवी पायरी: '-ताना' आणि '-ऊन'

'पायऱ्या उतरताना नदी दिसते.' उतरतो आपण, दिसते नदी. मराठीला याचं काही वाटत नाही. इंग्रजीत 'आयएनजी'ने सुरू होणाऱ्या तुकड्याचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच बसलेला असावा लागतो.

चूक: डिसेंडिंग द स्टेप्स, द रिव्हर कम्स इंटू व्ह्यू.

इथे नदीच पायऱ्या उतरून खाली आली. दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. उतरणाऱ्याला कर्ता करा: डिसेंडिंग द स्टेप्स, यू सी द रिव्हर. किंवा तुकड्याला पूर्ण उपवाक्य करा: ॲज यू डिसेंड द स्टेप्स, द रिव्हर कम्स इंटू व्ह्यू. वर्णनात दुसरा मार्ग जास्त सोयीचा, कारण नदीवरची नजर हलत नाही.

'-ऊन'ची माळही जशीच्या तशी नेऊ नये. 'गाडी लावून, चपला काढून, पाय धुऊन लोक आत जातात' याचं 'हॅविंग पार्क्ड, हॅविंग रिमूव्ह्ड, हॅविंग वॉश्ड' असं केलं तर ओळ दमून बसते. सरळ क्रियापदांची यादी करा: पीपल पार्क देअर कार्स, टेक ऑफ देअर सँडल्स, वॉश देअर फीट अँड गो इन. कर्ता एक, क्रियापदं चार, आणि हिशेब एका उपवाक्याचा.

किरकोळ, पण रोज लागणारं

विशेषणांमध्ये स्वल्पविराम द्यायचा की नाही, हे ठरवायला मधे 'अँड' घालून बघा आणि क्रमही उलटा करून बघा. 'अ नॅरो, वाइंडिंग लेन' दोन्हींत टिकतं, म्हणून स्वल्पविराम. 'अ लार्ज ओल्ड स्टोन टेंपल' उलटवलं तर कानाला टोचतं. तिथे स्वल्पविराम नको. असा ठरलेला क्रम असतो: आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ.

'टेन-मिनिट वॉक', 'टू-स्टोरी हाउस': नामाच्या आधी आलेल्या अशा जोडविशेषणात संयोगचिन्ह, आणि आकडा कितीही असो, आतलं नाम एकवचनी. नामानंतर आलं की चिन्हही जातं आणि अनेकवचनही परत येतं: द वॉक टेक्स टेन मिनिट्स.

जागेने सुरू होणारं वाक्य. 'ऑन द फार साइड ऑफ द रिव्हर, विमेन वॉश क्लोद्ज' यात सुरुवातीचा तुकडा लांब, म्हणून स्वल्पविराम. पण क्रियापद कर्त्याच्या आधी आलं, तर तुकडा कितीही लांब असो, स्वल्पविराम नाही: ऑन द बँक ऑफ द रिव्हर स्टँड्स अ टेंपल. ही उलटी रचना वर्णनाला फार शोभते. परिच्छेदात एकदाच करा.

अपूर्णविरामाच्या आधी पूर्ण वाक्य हवं. 'द शॉप्स सेल: टर्मरिक, जॅगरी अँड फ्लावर्स' चूक, 'सेल'नंतर काहीच नको.

यादीतल्या शेवटच्या 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यावा का, यावर इंग्रजीवाल्यांचंही एकमत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याची ती रीत, म्हणून त्याला 'ऑक्सफर्ड कॉमा' म्हणतात. ब्रिटिश वर्तमानपत्रं बहुधा गाळतात. आपल्याला काय, एक रीत धरा आणि पूर्ण लेखात तीच ठेवा. मात्र गाळल्याने अर्थ फाटत असेल तर द्या. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा कामाच्या मजुरीच्या कायद्यातल्या एका यादीत 'ऑर'च्या आधी हा स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' हे एक काम की दोन, असा वाद झाला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने दुधाच्या गाड्यांच्या चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

एक परिच्छेद दुरुस्त करताना

आता एक नमुना घेऊ. शब्दसंग्रह पुरेसा आहे, जोडकाम तेवढं बिघडलंय:

वाई इज ॲन ओल्ड टाउन, इट इज ऑन द बँक ऑफ द कृष्णा. देअर इज अ गणपती टेंपल नियर द रिव्हर व्हिच इज फेमस. ॲज इट्स बॅक वॉल इज शेप्ड लाइक अ फिश, सो द फ्लडवॉटर डिव्हाइड्स. गोइंग डाउन द स्टेप्स, द एअर बिकम्स कूल. पीपल सिट हिअर इन द इव्हनिंग. बिकॉज द ब्रीझ इज प्लेझंट.

पेन्सिल चालवा. पहिल्या वाक्यात दोन जोड्या, जोडणी शून्य. दुसऱ्यात 'व्हिच' नदीला चिकटला, प्रसिद्ध नदी झाली. तिसऱ्यात दोन जोड्या, जोडण्या दोन: 'ॲज' आणि 'सो'. चौथ्यात हवाच पायऱ्या उतरते आहे. शेवटी 'बिकॉज' एकटा उघड्यावर पडला आहे.

दुरुस्त केल्यावर:

वाई इज ॲन ओल्ड टाउन ऑन द बँक ऑफ द कृष्णा. नियर द रिव्हर स्टँड्स अ फेमस गणपती टेंपल. इट्स बॅक वॉल इज शेप्ड लाइक अ फिश, सो द फ्लडवॉटर डिव्हाइड्स अँड फ्लोज पास्ट. ॲज यू गो डाउन द स्टेप्स, द एअर बिकम्स कूल. पीपल सिट हिअर इन द इव्हनिंग बिकॉज द ब्रीझ इज प्लेझंट.

पहिल्या वाक्यात जोडण्याऐवजी 'इट इज' काढलं. तिसऱ्यात 'ॲज' गेला, 'सो' राहिला. उलट केलं असतं तरी चाललं असतं, पण पुढच्याच वाक्यात 'ॲज यू गो' येणार होता, म्हणून इथे 'सो' बरा. 'डिव्हाइड्स अँड फ्लोज'च्या मधे स्वल्पविराम नाही, कारण दोन्हींचा कर्ता पुराचं पाणीच. आणि 'इन द इव्हनिंग'नंतर स्वल्पविराम द्यावासा वाटला तर हात आवरा: 'बिकॉज' मागून आलाय आणि मुख्य वाक्य होकारार्थी आहे.